एफजे घेऊन माणूस घरी येतो तेव्हा : आतड्यातून आहार देण्याचे पहिले धडे

डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात फाइल असते, फीडचे, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ आहाराचे डबे असतात आणि पेशंटच्या पोटाच्या डाव्या बाजूने बाहेर आलेली, पेन्सिलीहून बारीक नळी असते. आतड्यात थेट आहार पोचवणारी ही नळी म्हणजे ‘एफजे’. नर्सने दोनदा करून दाखवलेले असते, आपण मान डोलावलेली असते. मग पहिल्या रात्री फीड ढकलणारा पंप वाजायला लागतो आणि त्यातले काहीच आठवत नाही.

माझ्या आईला अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर अशी नळी होती, साडेचार महिने. त्या महिन्यांत जे हातवळणी पडले आणि तिच्या डॉक्टर-नर्सनी जे पुन्हा पुन्हा समजावले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वेग, प्रमाण, फीडचा प्रकार याबाबत तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागदच खरा. इथले आकडे तो कागद नीट वाचता यावा यासाठी आहेत.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. फीड जिथे पडते ते जठर नाही, आतडे आहे. जठर म्हणजे कोठार. एका वेळी पानभर जेवण त्यात मावते, ते घुसळले जाते, त्यातले आम्ल बऱ्याच जंतूंचा बंदोबस्त करते आणि मग थोडे थोडे अन्न पुढे सोडले जाते. आपली नळी हे कोठार ओलांडून थेट पुढे जाते. म्हणून कोठाराचे काम पंपाला करावे लागते आणि आम्लाचे काम आपल्या धुतलेल्या हातांना. पुढची जवळपास प्रत्येक सूचना यातूनच निघते.

नळी नेमकी कुठे आहे, हे आधी विचारून घ्या

लहान आतड्याचे तीन भाग : ड्युओडेनम, जेजुनम, इलियम. जेजुनममध्ये छिद्र करून नळी बसवतात ती जेजुनोस्टॉमी. फीडसाठी बसवलेली म्हणून फीडिंग जेजुनोस्टॉमी, आणि वॉर्डातल्या भाषेत नुसती ‘एफजे’. जेजुनम सुरू होतो तिथून साधारण २० ते ३० सेंटिमीटर पुढचे वेटोळे सर्जन वर आणतात, नळी आत सरकवतात आणि आतड्याचीच भिंत तिच्यावर दुमडून शिवतात. असा छोटा बोगदा तयार झाला की आतला रस बाहेर झिरपत नाही. या पद्धतीला आजही विट्झेल या जर्मन सर्जनचे नाव आहे. त्यांनी ती १८९१ मध्ये जठरासाठी मांडली होती. शेवटी ते वेटोळे पोटाच्या भिंतीला आतून टाक्यांनी धरून ठेवतात. हे टाके महत्त्वाचे, कारण नळी पहिल्या दिवसांत हलली तर फीड पोटाच्या पोकळीत सांडू शकते.

दुसरा प्रकार दिसायला तसाच, पण वेगळा. दुर्बिणीने जठरात नळी बसवतात आणि तिच्यातून आणखी बारीक नळी पुढे जेजुनमपर्यंत सोडतात. तिला बाहेर दोन तोंडे असतात : एक जठराचे, एक आतड्याचे. फीड आतड्याच्या तोंडातून जाते. जठराचे तोंड बहुधा साचलेले पाणी-हवा काढायला आणि काही औषधांना वापरतात. तोंडांची अदलाबदल ही नवख्या माणसाची सगळ्यात सहज होणारी चूक. दोन्हींवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आजच लावा.

हॉस्पिटल सोडण्याआधी हे वहीत लिहून घ्या : नळीचा प्रकार, तिचा फ्रेंच नंबर (१ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश, १२ नंबरची नळी बाहेरून ४ मिलिमीटर जाड), कधी बसवली, आत कशाने धरून ठेवली आहे, त्वचेबाहेर किती सेंटिमीटर आहे, आणि रात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा. मग न पुसणाऱ्या पेनने, नळी त्वचेतून बाहेर येते तिथेच तिच्यावर बारीक रेघ मारा. आईच्या नळीवर अशी निळी रेघ होती. रोज सकाळी पहिली नजर त्या रेघेवर जायची. रेघ त्वचेला टेकलेली आहे ना? मग दिवस सुरू. रेघ दूर गेली असेल किंवा आत दिसेनाशी झाली असेल तर फीड सुरू करायचे नाही, आधी फोन करायचा.

आणखी एक. जठराच्या नळीबद्दल ‘रोज गोल फिरवा’ असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. आतड्यातली नळी फिरवायची नाही. फिरवली तर आत तिला पीळ बसतो किंवा ती जागा सोडते.

फीड लावताना

१. हात साबणाने धुवा, निदान २० सेकंद. ओटा किंवा ट्रे पुसून कोरडा करा.

२. पेशंटला उशांनी टेकवून बसवा, डोके-छाती ३० ते ४५ अंश वर. फीड आतड्यात जात असले तरी सपाट झोपवून देऊ नका. उलटी आली तर ती फुप्फुसात जाण्याची भीती राहतेच. फीड थांबल्यावरही अर्धा-एक तास तसेच ठेवा.

३. निळी रेघ, टाके, आजूबाजूची त्वचा पाहा. पोट हाताने चाचपा : मऊ आहे की ताठ?

४. मोठ्या, म्हणजे ५० किंवा ६० मिलीच्या सिरिंजने ३० मिली कोमट पाणी सावकाश सोडा. पाणी सहज गेले की वाट मोकळी.

५. फीड खोलीच्या तापमानाला असू द्या. सेटमध्ये (फीडची पिशवी आणि तिच्यापासून पोटाच्या नळीपर्यंतची जोडनळी) फीड भरून त्यातली हवा काढा, मग नळीला जोडा. जोडण्याआधी सेट बोटाने धरून पिशवीपासून पोटापर्यंत माग काढा. पेशंटला सलाइनही चालू असेल तर हे टाळायचे नाहीच. शिरेत फीड गेले तर जीव जाऊ शकतो; म्हणूनच नव्या फीड-नळ्यांची जोडणी मुद्दाम सलाइनच्या जोडणीत न बसणारी बनवतात.

६. पंपावर वेग टाका, सुरू करा आणि पहिली १० मिनिटे शेजारी बसा.

जठराच्या नळीत फीडआधी सिरिंजने ओढून आत किती शिल्लक आहे ते बघतात. इथे तसे ओढायचे नाही. आतड्यात साठा नसतोच, आणि ओढलेला रस बारीक नळीत फीडला भेटला की गुठळी होते.

वेग : सगळ्या धीराची परीक्षा

सुरुवात बहुधा तासाला १० ते २५ मिली अशा वेगाने होते. सोसले तर दर ८-१२ तासांनी १० ते २० मिलीने वाढ. बहुतेक मोठी माणसे शेवटी तासाला ६० ते १०० मिलीवर स्थिरावतात. घरच्यांना हा वेग बघवत नाही. ‘एवढ्याशाने काय होणार, तिला भूक लागली असेल’ असे वाटते.

आमच्याकडे एका संध्याकाळी हेच झाले. फीड दोन तास उशिरा लागले म्हणून मी पंपाचा वेग दुपटीने वाढवला, रात्रीपर्यंत हिशेब पुरा व्हावा म्हणून. पाऊण तासात आईच्या कपाळावर घाम, छातीत धडधड, पोटात कळा, मग जुलाब. दाट फीड एकदम आतड्यात पडले की ते आजूबाजूचे पाणी आत खेचून घेते. आतडे ताणते आणि शरीर असा ओरडा करते. राहिलेले फीड राहू द्यावे. उशीर भरून काढायला वेग कधीच वाढवू नये, आणि सिरिंजने २००-३०० मिली एकदम ढकलणे तर आतड्याच्या नळीत अजिबात चालत नाही.

पंप नसेल तर पिशवी उंच टांगून थेंब मोजावे लागतात. ज्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो (पाकिटावर लिहिलेले असते), त्यात मिनिटाला २० थेंब म्हणजे तासाला ६० मिली. पण पेशंट कूस बदलतो तसा थेंबांचा वेगही बदलतो, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. जमत असेल तर पंपच बरा.

बरेच दिवस पोटात काही न गेलेल्या, खूप वजन उतरलेल्या माणसाला हळू सुरुवात करण्याचे आणखी गंभीर कारण असते. उपाशी शरीराला अचानक भरपूर आहार मिळाला की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतात आणि हृदयावर बेतू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिल्या दिवसांत वारंवार रक्त तपासतात ते यासाठी. ‘रोज काय सुई टोचता’ म्हणून त्या तपासण्या टाळू नका.

हिशेब एकदा स्वतः करून पाहा

समजा वजन ५५ किलो आहे आणि फीड १ मिलीला १ किलोकॅलरीचे आहे. डॉक्टरांनी तासाला ७५ मिली, २० तास असे लिहिले. म्हणजे दिवसाला १५०० मिली, १५०० किलोकॅलरी. किलोमागे २७ च्या आसपास. नेहमीच्या २५ ते ३० च्या अंदाजात बसते.

आता पाणी. किलोमागे ३० मिली धरले तर १६५० मिली हवे. अशा फीडमध्ये साधारण ८४ टक्के पाणी असते, म्हणजे १२६० मिली आले. दर चार तासांनी ३० मिली फ्लश (नळी धुवायला सिरिंजने सोडलेले पाणी), दिवसातून सहा वेळा, म्हणजे १८० मिली. बेरीज १४४०. २१० मिली कमी पडतात! फीड पूर्ण जात असूनही लघवी गडद, जीभ कोरडी, सुस्ती असे दिसते तेव्हा बहुतेक वेळा ही तूट असते. उपाय साधा : डॉक्टरांना विचारून प्रत्येक फ्लश ३० ऐवजी ६५ मिली. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र हा निर्णय स्वतः घेऊ नका.

फीड कोणते, याचा निर्णय आहारतज्ज्ञांचा. माझे मत एका बाबतीत ठाम आहे : घरी मिक्सरमध्ये वाटलेले अन्न आतड्याच्या बारीक नळीत घालू नये. कितीही गाळले तरी ती तुंबते, आणि जंतूंना अडवायला इथे आम्ल नाही. तयार फीडलाही मुदत असते. पावडर कालवून केलेले फीड पिशवीत ४ तासांहून जास्त टांगू नका. सीलबंद, थेट टांगायच्या पिशव्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे जास्त चालतात. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये, २४ तासांनी फेकायचा. सेटही रोज नवा. फ्लशसाठी उकळून गार केलेले पाणी वापरा.

फ्लश आणि औषधे

नळी तुंबायची नसेल तर फ्लश चुकवायचा नाही. चालू फीडमध्ये दर चार तासांनी, फीड थांबवताच लगेच, आणि औषधाच्या आधी-नंतर. फीड बंद असतानाही दर चार ते सहा तासांनी. रात्रीचे गजर लावा. पहिल्या आठवड्यात कोणी एकाने सगळ्या रात्री काढू नयेत, पाळी लावा.

नळ्या सगळ्यात जास्त तुंबतात त्या औषधांमुळे. शक्य तिथे पातळ औषध मागा. गोळीच असेल तर खलबत्त्यात पिठासारखी बारीक करा, १५-३० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, तळाशी रवा उरला तर पुन्हा कालवा. प्रत्येक औषध वेगळे. दोन औषधांमध्ये थोडे पाणी. फीडच्या पिशवीत कधीही औषध मिसळू नका.

काही गोळ्या कुटायच्याच नसतात : हळूहळू सुटणाऱ्या, आणि आतड्यात विरघळावे म्हणून वरून आवरण दिलेल्या. कुटली की पूर्ण दिवसाचा डोस एकदम सुटतो किंवा आवरणाचे तुकडे नळीत चिकटतात. शिवाय आतड्याच्या नळीचा एक खास प्रश्न आहे. जठरातच काम करणारी औषधे, जसे अँटासिड किंवा सुक्रालफेट, इथून देऊन उपयोग नाही. ती जिथे पोचायला हवीत ती जागाच मागे राहिली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही औषधे अशा नळीतून कमी शोषली जातात. फेनिटॉइन आणि थायरॉइडची गोळी फीडसोबत गेली तर असर घटतो, म्हणून आधी-नंतर फीड थांबवावे लागते. जुन्या औषधांची पूर्ण यादी घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एकच प्रश्न विचारा : ‘यातले काय जेजुनममध्ये चालते?’ ‘नळीतून चालते का’ एवढेच विचारले तर जठराच्या नळीचे उत्तर मिळू शकते.

इन्सुलिन चालू असेल तर लक्षात ठेवा : डोस दिल्यावर फीड बंद पडले तर साखर झपाट्याने खाली येते. पंप बिघडला, नळी तुंबली, तपासणीला नेले, काहीही झाले तरी साखर लगेच तपासा आणि कळवा.

नळी तुंबली तर

आधी बाहेर बघा. क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) लागलाय का, नळी कुशीखाली दबली का, पीळ पडलाय का. नसेल तर मोठी सिरिंज, कोमट पाणी, आणि दांडा हलकेच पुढे-मागे, पुढे-मागे. दाबून नव्हे. मग पाणी आत ठेवून २० ते ३० मिनिटे क्लॅम्प करा आणि पुन्हा तेच. दोन-तीन प्रयत्नांत सुटले नाही तर हॉस्पिटलला फोन. तिथे सोडियम बायकार्बोनेट आणि स्वादुपिंडाची एन्झाइम्स मिसळून गुठळी विरघळवतात.

लहान सिरिंज वापरू नका. तिचा दाब जास्त असतो आणि नळी फाटते. तार, सळई नकोच. कोलाचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तोही नको, आंबट पेयाने फीडमधले प्रथिन दही लागल्यासारखे घट्ट होते.

त्वचा

रोज एकदा सौम्य साबण-पाण्याने नळीभोवती आतून बाहेर पुसा, टिपून कोरडे करा. पहिल्या दिवसांत थोडा पाण्यासारखा किंवा तांबूस स्राव येतो, तो वाळून खपली होते. त्याची भीती नको. हिरवट-पिवळा रस मात्र वेगळा. त्यात पाचक एन्झाइम्स असतात, ती त्वचाही पचवू लागतात. काही तासांत कातडी लालभडक होते, पेशंट विव्हळतो. कोरड्या त्वचेवर झिंक ऑक्साइडचा जाड थर द्या, ओला गॉज तासन्‌तास तसाच ठेवू नका आणि लगेच दाखवा. गळती थांबवायला जाडी वाढवून नवी नळी घातली की छिद्रच मोठे होते, हेही माहीत असू द्या.

छिद्राभोवती लाल, ओलसर, सहज रक्त येणारे मांस वाढले तर घाबरू नका. ते जखम भरण्याच्या घाईतले मांस असते. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट लावतात. नळीला ओढ बसते तिथे ते जास्त वाढते, म्हणून नळीला सैल वळण देऊन पोटावर चिकटपट्टीने धरा. अंघोळ जखम भरल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर.

नळी बाहेर आली तर

टाका तुटतो, झोपेत हात अडकतो, आणि नळी हातात येते. फीड बंद करा. छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवा, बाहेर आलेली नळी पिशवीत घ्या आणि निघा. उद्या सकाळी नाही, आत्ता. छिद्र काही तासांत आक्रसू लागते. नळी बसवून जेमतेम २-४ आठवडे झाले असतील तर वाट अजून पक्की झालेली नसते. तेव्हा घरी परत घालू पाहिली तर ती आतड्याऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. नवी नळी बसली की ती आतड्यातच आहे, हे रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर बघतात. तो एक्स-रे झाल्याशिवाय फीड सुरू होऊ देऊ नका. घाई असली तरी आग्रह धरा. नळीऐवजी तात्पुरता फुगा असलेला कॅथेटर घातला असेल तर फुगा किती फुगवला आहे ते विचारा, कारण आतड्याच्या अरुंद वाटेत भरलेला फुगा स्वतःच अडथळा होतो.

फीड थांबवून फोन करायचा तो केव्हा

पोट टम्म फुगले, वाढत जाणारी वेदना, हिरवी उलटी, शौच-वारा बंद, ताप, छिद्रातून पू किंवा रक्त, फीड आत जाताना दुखणे. यातले काही दिसले की पंप आधी बंद, विचार नंतर. नळीभोवती आतड्याला पीळ बसणे किंवा आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडणे हे क्वचित होते, पण ते असेच सुरू होते. धाप लागली, शुद्ध हरपू लागली तर फोनही नको, थेट इमर्जन्सी.

नुसते जुलाब असतील तर लगेच फीडला दोष देऊ नका. अँटिबायोटिक, सॉर्बिटॉल घातलेली गोड पातळ औषधे, अस्वच्छ सेट, वाढवलेला वेग या क्रमाने शोधा. वहीत वेळ, प्रमाण, शौच आणि वजन लिहिलेले असेल तर डॉक्टरांना कारण मिनिटात सापडते.

तोंडाने न खाणाऱ्या माणसाचे तोंड

याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. तोंडाने काही जात नाही म्हणून ब्रश बंद होतो, जिभेवर पांढरा थर येतो, ओठ फाटतात आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरू शकतात. दिवसातून दोनदा ब्रश, मध्ये ओल्या गॉजने पुसणे, ओठांना मलम. आईला दिवसभरात सगळ्यात जास्त बरे वाटायचे ते या पाच मिनिटांनी. घरच्यांची पंगत बसली की तिला दुसऱ्या खोलीत ठेवायचे का, हा प्रश्न आम्हाला पडला होता. आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, ‘मला बसू द्या तुमच्यात.’ तुमचा माणूस वेगळे म्हणेल. विचारा मात्र नक्की.

आठवड्यांनी सगळे सोसू लागले की फीड २० तासांवरून १६, मग १२ तासांवर आणतात, बहुधा रात्री. दिवस मोकळा होतो, फिरता येते. तोंडाने खाणे वाढेल तसे नळीचे फीड डॉक्टर कमी करत नेतात. फीड बंद असले तरी नळी काढेपर्यंत फ्लश चालूच. काढणे सोपे असते : टाका कापतात, नळी सरकवून घेतात, वर गॉज. एक-दोन दिवस थोडे ओले राहते आणि छिद्र आपोआप मिटते. आठवड्यानंतरही रस येत राहिला तर सर्जनना दाखवा.